पॉलिसीवर नाव काकांचं

गेटची एकच झडप उघडी होती. आरशात मला दिसली ती उघडी झडप, आणि गाडी मागे घेतली ती बंद झडपेवर. आवाज फार मोठा नव्हता, रिकामा पत्र्याचा डबा पायाखाली यावा तेवढाच. उतरून पाहिलं तर मागचा बंपर उजव्या कोपऱ्यात फाटलेला, डिकीच्या दाराला खोल पोचा, आणि ज्यांच्याकडे आम्ही गेलो होतो त्यांच्या गेटची झडप बिजागरीतून निखळून भिंतीला टेकलेली. एप्रिल २०२३ मधली गोष्ट. गाडी घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.

यजमान बिचारे माझीच समजूत काढत होते. मी मात्र एकदम निर्धास्त. "अहो, फुल इन्शुरन्स आहे गाडीला. तुमच्या गेटचेही पैसे मिळतील, माझ्या गाडीचेही. काळजीच नको." हे वाक्य मी चारचौघांत, ठणकावून बोलले होते. त्यातलं किती खरं होतं ते कळायला पुढे तीन दिवस लागले, आणि खिशाला जवळपास वीस हजारांची चाट बसली.

गाडी घेतली होती ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. सप्टेंबर २०१९ चं पासिंग, ११९७ सीसीचं पेट्रोल इंजिन, एकहाती वापरलेली. सीटवरचं प्लॅस्टिक तेवढं काढलं होतं, बाकी गाडी शोरूममधून आणल्यासारखी. मार्चमध्ये व्यवहार ठरला तेव्हा काकांनी हिशेब केला आणि शेवटी म्हणाले, "शिवाय सप्टेंबरपर्यंतचा इन्शुरन्स आहे गाडीत. तो तुला फुकट." टाकीत पेट्रोल आहे, डिकीत स्टेपनी आहे, तसा गाडीत इन्शुरन्स आहे. मीही ते तसंच घेतलं.

फॉर्म २९, फॉर्म ३० भरून झाले, आरटीओची फी भरली, काही दिवसांत आरसी माझ्या नावावर झाली. आरसीवर स्वतःचं नाव बघून मी तिचा फोटोही काढला होता. पॉलिसीची फाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात होती तिथेच राहिली. तिच्यावरचं नावही बदलायचं असतं, हे मला ना काकांनी सांगितलं, ना आरटीओत कुणी, ना फॉर्म भरून देणाऱ्या माणसाने. आणि मी विचारलंही नाही, कारण आरसी झाली म्हणजे सगळं झालं असंच डोक्यात होतं.

तर धडक झाली, दुसऱ्या दिवशी पॉलिसीवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "विमाधारक बोलताय का?" मी म्हटलं, "गाडीची मालकीण बोलतेय." ती क्षणभर थांबली. क्लेम नंबर दिला, गाडी बॉडीशॉपला न्यायला सांगितलं. आता मागे वळून बघताना त्या थांबण्याचा अर्थ लागतो.

बॉडीशॉपमध्ये इन्शुरन्सच्या टेबलावर एक पोरगा बसला होता. त्याने माझी आरसी आणि काकांची पॉलिसी शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींवर एकेक बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ही गाडी कुणाची?"

"माझी."

"आणि पॉलिसी?"

"गाडीचीच आहे की ती."

"गाडीची नसते मॅडम. पॉलिसी यांची, पण गाडी आता यांची नाही. गाडी तुमची, पण पॉलिसी तुमची नाही. मग कंपनीने पैसे द्यायचे कुणाला?"

तो उद्धटपणे बोलला नाही, पण हे त्याने आठवड्यातून दोनदा तरी कुणाला तरी सांगितलं असणार, इतकं ते घासून गुळगुळीत झालेलं होतं. मी वाद घातला. हप्ता भरलाय ना? भरलाय. मुदत संपली नाही ना? नाही. गाडी तीच आहे ना? तीच. मग? मग काही नाही. क्लेम नामंजूर.

घरी येऊन मी पहिल्यांदा ती पॉलिसी वाचली, आणि मग जे जे सापडेल ते. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम १५७. गाडी विकली की विम्याचं प्रमाणपत्र नव्या मालकाच्या नावे गेलं असं मानलं जातं, असं त्यात लिहिलेलं आहे. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून कागदावर तशी नोंद करून घ्यायची. हे वाचून मी जवळजवळ उडीच मारली. बघा, आपोआप जातो! पण हे "आपोआप" फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे. म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल तेवढ्यापुरतं. माझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो भाग आपोआप सरकत नाही. त्यासाठी नव्या मालकाने वेगळी मागणी करायची, जुन्या मालकाची संमती जोडायची, नवा प्रपोजल फॉर्म भरायचा. सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा १९९५ सालीच निकालात काढलेला आहे, अगदी माझ्यासारख्याच प्रकरणात: गाडी नव्या मालकाच्या नावावर, पॉलिसी जुन्याच्या. म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासून याचं उत्तर तयार होतं.

त्या १४ दिवसांबद्दलही लोक छातीठोकपणे सांगतात की तेवढे दिवस सूट असते. मलाही दोघांनी सांगितलं, "तू पहिल्या पंधरवड्यात ठोकायला हवी होतीस." तसं नाहीये. ते दिवस अर्ज करण्यासाठी आहेत. अर्जच केला नसेल तर चौथ्या दिवशी ठोकली काय आणि चाळिसाव्या दिवशी ठोकली काय, स्वतःच्या बंपरला काही मिळायचं नाही.

इथे एक कबुली. बॉडीशॉपच्या बाहेर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला: काकांनाच क्लेम करायला सांगा, धडक व्यवहाराच्या आधी झाली असं दाखवा, सगळं सुरळीत होईल. मी नाही म्हटलं नाही. मी काकांना फोन लावला. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या नावावर आरसी झाली ती तारीख सरकारी आहे. मी त्याच्या आधी ठोकली होती, तर तू ठोकलेली गाडी पूर्ण किमतीत का घेतलीस, असं विचारलं तर काय सांगायचं?" मला वाटतं त्यांना तत्त्वापेक्षा भीती जास्त होती, पण वाचले मी त्यांच्यामुळेच. त्यांना दुसरीही काळजी होती: तुझ्या हातून माणसाला काही झालं असतं तर माझ्यावर आलं असतं का? आरसी माझ्या नावावर झालेली असल्यामुळे ते सुटले होते. पण व्यवहार करून आरसी तशीच महिनोन् महिने लोंबकळत ठेवणाऱ्या विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आणि गेट? गंमत अशी की गेटला त्या पॉलिसीचं संरक्षण होतं. ते थर्ड पार्टीत बसतं, ठरलेल्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत मर्यादा आहे, आणि माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला तर मर्यादाच नाही. पण ते पैसे मिळवायची वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. यजमानांना मी काय सांगणार, की तुमच्या बिजागरीसाठी न्यायाधिकरणात अर्ज करा? मी वेल्डर आणला, अडीच हजार दिले, वर ऑइलपेंटचा डबा दिला. बंपर आणि डिकीचे साडेसतरा हजार. "फुल इन्शुरन्स" हा शब्द मी त्यानंतर कधी वापरलेला नाही. तसा शब्द पॉलिसीत कुठे नसतोही.

मग नाव बदलून घेतलं. एवढं सगळं झाल्यावर ते काम हास्यास्पद वाटावं इतकं सोपं निघालं. विक्रीचा पुरावा, आरसीची प्रत, काकांचं संमतीपत्र, नवा फॉर्म, जुनं प्रमाणपत्र परत, आणि नाव बदलण्याची फी पन्नास रुपये. पन्नास! पण त्याच्याखाली दुसरी एक रक्कम होती, चौदाशेच्या आसपास. ती कशाची म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "एनसीबीचा फरक."

एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीला मिळतो असा माझा समज होता. साडेतीन वर्षांच्या गाडीने एकही क्लेम केला नाही, म्हणून तिला बक्षीस. प्रत्यक्षात तो माणसाला मिळतो. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. काकांच्या पॉलिसीवर ३५ टक्के होता आणि तो काकांचा होता. गाडी माझ्याकडे आली तरी तो त्यांच्याच खिशात. त्यांनी नवी गाडी घेतली की कंपनीकडून पत्र घेऊन तो तिकडे लावायचा, तीन वर्षांच्या आत. मी मात्र त्यांच्या सवलतीवर आयती बसले होते, म्हणून उरलेल्या पाच महिन्यांचा फरक माझ्याकडून वसूल. रास्त आहे म्हणा. काकांची पुण्याई माझ्या खात्यावर कशी जमा होणार?

सप्टेंबर २०२३ ला पॉलिसी नव्याने घ्यायची वेळ आली तेव्हा माझी पाटी कोरी होती, शून्य टक्के. एजंटने दोन पर्याय ठेवले. थर्ड पार्टीचा हप्ता दोन्हींत सारखा, ३४१६ रुपये, कारण १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाड्यांसाठी तो सरकारनेच जून २०२२ पासून ठरवून दिलेला. त्यात कुठलीही कंपनी घासाघीस करत नाही आणि एनसीबीही त्यावर लागत नाही. फरक सगळा ओन डॅमेजमध्ये. एका पर्यायात आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, साडेतीन लाख, दुसऱ्यात तीन लाख आणि हप्ता थोडा कमी. "मॅडम, घ्या कमीवाला, पैसे वाचतील." आयडीव्ही म्हणजे बाजारभाव असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं, त्याने वापरलेल्या गाड्यांच्या किमती बघून सव्वाचार लाखांचा आकडा काढून ठेवला होता. बाजारभावाचा संबंध तसा दूरचाच. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या किमतीतून वयाप्रमाणे ठरलेली घसारा वजावट: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. सात लाखांची गाडी, म्हणून साडेतीन. आणि हा आकडा नुसता हप्त्यासाठी नसतो. गाडी चोरीला गेली तर हातात येणारे पैसे यावरून ठरतात, आणि दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण गेली असं धरतात. मी साडेतीन लाखांचीच घेतली. (रंगाचंही एकदा विचारून घेतलं, कारण लाल गाडीला हप्ता जास्त असतो असं मला कुणीतरी कॉलेजात सांगितलं होतं. एजंट हसला. फॉर्मवर रंगाची नोंद असते, हप्त्याच्या गणितात नाही.)

एवढी शहाणी झालेली मी, झिरो डेपला, म्हणजे बदललेल्या भागांच्या पैशांतून घसारा न कापणाऱ्या ॲड-ऑनला, मात्र नाही म्हटलं. दोन हजार रुपये जास्त होते. मला वाटलं, दुकानदार मोबाइलबरोबर कव्हर गळ्यात मारतो तसा प्रकार.

जुलै २०२४. रात्री वारा सुटला, पाऊस तर होताच. सकाळी खाली उतरले तर गाडीच्या नाकावर गुलमोहराची फांदी आडवी. फांदी म्हणजे मांडीएवढी. बॉनेट मधोमध दबलेलं, पुढची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी, उजवा हेडलाइट फुटलेला, बंपर एका बाजूने सुटून लोंबतोय. सोसायटीत दहा मिनिटांत परिषद भरली. उभ्या गाडीला इन्शुरन्स लागू होत नाही. देवाची करणी असेल तर कंपनी हात वर करते. पंचनाम्याशिवाय दमडी मिळणार नाही. झाड महापालिकेचं, म्हणजे कंपनी तिकडे बोट दाखवणार. सगळे खात्रीने बोलत होते, आणि मागच्या वर्षी मीही अशाच खात्रीने बोलले होते हे आठवून मी वर जाऊन पॉलिसी आणली.

वादळ, पूर, गारपीट, भूकंप, दरड, आग, वीज, दंगल, चोरी, बाह्य कारणाने झालेला अपघात: यादी पहिल्याच कलमात आहे. गाडी चालत होती का उभी होती, असं तिथे कुठेही विचारलेलं नाही. पंचनामा माझ्याकडे शेवटपर्यंत कुणी मागितला नाही. चोरी असेल किंवा माणूस जखमी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पोलिसांत गेल्याशिवाय कागद हलत नाही. मी फांदी तशीच ठेवून चारी बाजूंनी फोटो काढले, नंबर प्लेट दिसेल असे, आणि मगच वॉचमनला हात लावू दिला. फोन लावला. "विमाधारक बोलताय का?" "हो," मी म्हटलं. त्या "हो"चं मला काय समाधान वाटलं ते सांगून कळणार नाही.

गाडी टो करून बॉडीशॉपला नेली. एस्टिमेट पन्नास हजारांच्या वर गेलं, म्हणजे परवानाधारक सर्व्हेअर येणार हे ठरलेलं. सर्व्हेअर पन्नाशीचे होते, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी टॉर्च. त्यांनी बॉनेटकडे बघायच्या आधी वाकून चाकांकडे पाहिलं, दरवाजाच्या आतल्या रबराला बोट लावलं, बोट बघितलं. मग मला पहिला प्रश्न: "पाणी किती होतं तिथे? स्टार्ट मारून पाहिली का?"

"नाही. फांदीच होती वर."

"बरं केलंत. लोक काय करतात, इंजिनात पाणी गेलेलं असतं आणि सेल्फ मारत बसतात. पाणी काही दाबलं जात नाही, आत कनेक्टिंग रॉड वाकतो. मग म्हणतात पुराने इंजिन गेलं. पुराने भिजलेल्या सीटा आम्ही देतो हो, पण चालू करून मोडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. त्याला वेगळं ॲड-ऑन लागतं."

माझ्या गाडीला पाणी लागलेलं नव्हतं, पण त्यांनी टॉर्च मारून एअर फिल्टर बघितलाच. मग बॉनेटपाशी आले. फॉर्मवर चालकाच्या नावापुढे काय लिहू विचारलं तर म्हणाले, "गाडी उभी होती असं सरळ लिहा. कुणाचं तरी नाव टाकायचं म्हणून टाकू नका."

आठ दिवसांनी बिल आणि त्यासोबत मंजुरीचा कागद आला. कॅशलेस होतं. कॅशलेस म्हणजे आपण फक्त किल्ली घ्यायची आणि निघायचं, हा माझा आणखी एक समज. काउंटरवरचा आकडा होता १८,४०० रुपये. एकूण बिल ५१,२००, सगळे कर धरून. मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक ओळ विचारली.

बंपर ९००० चा. प्लॅस्टिक, म्हणून निम्मे माझे: ४५००. बॉनेट १२,००० चं. पत्रा वयाप्रमाणे कापतात. गाडी चार वर्षं दहा महिन्यांची, चार ते पाचला ३५ टक्के, म्हणजे ४२०० माझे. आणखी दोन-अडीच महिन्यांनी फांदी पडती तर ४० टक्के. काच ८००० ची. मी मनातल्या मनात चार हजार धरून बसले होते, पण काचेला घसारा शून्य! पूर्ण पैसे कंपनीचे. मग मी हुशारी केली. हेडलाइट ७००० चा होता आणि त्यात ३५०० कापले होते.

"हेडलाइटही काचेचाच ना? मग याला का कापले?"

सर्व्हेअर जवळच उभे होते. त्यांनी बाजूला पडलेला फुटका हेडलाइट उचलला आणि नखाने टकटक केली. "वाजवून बघा. काच अशी वाजते का? पॉलिकार्बोनेट आहे. प्लॅस्टिकच्या खात्यात."

मजुरी ६००० ची, पूर्ण मंजूर. क्लिपा, नट-बोल्ट, काचेचा सीलंट असलं किरकोळ १२००, ते पूर्ण माझ्यावर, कारण एकदा वापरून संपणाऱ्या वस्तू साध्या पॉलिसीत येत नाहीत. हजार रुपये सक्तीची वजावट. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार, त्याच्या वर दोन हजार. ती कुणालाच चुकत नाही, झिरो डेपवाल्यालाही नाही.

राहिला रंग. रंगकामाचे एकत्र ८०००, आणि त्यातले ४००० कापलेले. इथे माझं बोट थांबलं. मागच्या वर्षी रागारागात पॉलिसी वाचली होती तेव्हा ही ओळ नजरेखालून गेली होती, कारण ती मला विचित्र वाटली होती. मी फोनवर ती पीडीएफ काढली, खाली सरकवत गेले आणि फोन सर्व्हेअरांपुढे धरला. रंगकामात ५० टक्के घसारा फक्त रंगाच्या सामानावर लावायचा. बिल एकत्र असेल तर सामान एकूण रकमेच्या २५ टक्के धरायचं. म्हणजे ८००० पैकी २००० सामान, त्याचे निम्मे १०००.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. माझ्याकडे न बघता खिशातलं एक पेन काढलं, कागदावर ४००० खोडून १००० लिहिलं, बाजूला सही केली. "सिस्टिमने टाकलं असेल," एवढंच म्हणाले. मला भांडायची तयारी करून आल्यासारखं झालं होतं आणि भांडण झालंच नाही. त्यांनी ऐकलं नसतं तर कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट, आणि तरीही नाहीच तर विमा लोकपाल; तिथे फी नाही, वकील लागत नाही, हे मी सगळं वाचून ठेवलं होतं. तीन हजारांसाठी गेले असते का? कदाचित मागच्या वर्षीच्या रागापायी गेले असते.

१५,४०० भरून गाडी घेतली. घरी येऊन हिशेब केला: झिरो डेप घेतलं असतं तर यातले १३,२०० वाचले असते, २२०० तरीही गेलेच असते. दोन हजार वाचवायला गेले होते. नवरा काही बोलला नाही, फक्त कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. क्लेम केल्याने सप्टेंबरमध्ये मिळणारे एनसीबीचे २० टक्के गेले, पण माझ्या गाडीला ते पंधराशेच्या आत होते आणि हातात आले होते ३५,८००. हे गणित उलटंही पडतं. पुढे एकदा आरसा मोडला, अठराशेचा. हजार सक्तीचे आणि घसारा कापून हातात काही उरणार नव्हतं, मी मुकाट्याने पैसे भरले. हप्ता भरतोय म्हणून वसूल करायचाच, असं मला तेव्हा तरी वाटलं नाही.

गाडी घरी आली त्या आठवड्यात काकांचा फोन आला. झाडाची बातमी ऑफिसातून त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी मे २०२३ मध्ये नवी गाडी घेतली होती, त्यांचा ३५ टक्के एनसीबी तिला लावून घेतला होता, ते त्यांनी मला तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगितलेलं. माझी कापाकापी ऐकून ते म्हणाले, "आपलं बरं आहे. तीन वर्षांची पॉलिसी एकदम घेतलीय. २०२६ पर्यंत बघायला नको."

मी विचारलं, "काका, पॉलिसी हाताशी आहे?"

"कपाटात आहे. का?"

"पहिल्या पानावर मुदतीच्या दोन तारखा असतील. नव्या गाडीला तीन वर्षांची सक्ती थर्ड पार्टीची आहे, २०१८ पासून. ओन डॅमेज बहुतेक एकाच वर्षाचं देतात. बघा ना जरा."

"थांब, चष्मा आणतो."

फोन त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. कपाटाचं दार करकरलं, प्लॅस्टिकच्या फाइलचा आवाज आला, काकूंना "दिवा लाव गं" म्हणाले. मग पानं उलटल्याचा आवाज, आणि बराच वेळ काहीच नाही.

"दुसरी तारीख अकरा मे आहे," ते म्हणाले.

"साल?"

"चोवीस." मग थोड्या वेळाने, "मेसेज येत होते गं. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी विकायला पाठवतात."

जुलै संपत आला होता. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण झालं तर एनसीबी टिकतो. मी बोटांवर मोजलं, ऑगस्टच्या नऊ तारखेपर्यंत वेळ होता. खंड पडल्यामुळे कंपनीने आधी गाडीची तपासणी मागितली, फोनवर व्हिडिओ काढून पाठवायची. काकांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून व्हिडिओ पाठवला, तो परत आला. नंबर प्लेट दिसत नव्हती. तिच्यापुढे काकू उभ्या होत्या.